वाचकांचे प्रश्न: उणे तीसमध्ये चरायचं तरी काय?

मागच्या अंकाच्या शेवटच्या पानावर अमेरिकेतल्या यलोस्टोन नॅशनल पार्कमधल्या बायसनचा फोटो होता, पाठीवर चार बोटं बर्फ साचलेला आणि तोंड बर्फात खुपसलेलं, खाली माहिती मात्र दोनच ओळींची. त्यावरून इतके मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप आले की या वेळचं सगळं पान त्यालाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. आणि "बायसन म्हणजे आपला गवाच ना" असं ज्यांनी विचारलंय त्यांना इथेच सांगते, नाही, गवा वेगळा, लांबचा नातेवाईक म्हणा फार तर. राधानगरीच्या गव्याला असला हिवाळा दाखवला तर तो काही टिकायचा नाही.

प्रश्न: ताई, पाठीवर एवढा बर्फ घेऊन तो बायसन मजेत चरतोय. त्याला थंडी वाजत नाही का? आमच्या नाशकात पारा ८ वर आला तरी शेकोटी लागते. (नाशिकहून एक वाचक)

अहो, पाठीवरचा बर्फ वितळत नाहीये यातच सगळं आलं. अंगातली ऊब बाहेर निसटत असती तर त्या बर्फाचं पाणी झालं असतं ना? ते झालं नाही, म्हणजे ऊब आतल्या आत राहिली. हिवाळ्याच्या तोंडावर बायसनच्या अंगावर दोन थर येतात, वर राठ लांब केस आणि खाली दाट मऊ लोकर, आणि त्यात हवा अडकून बसते, थंडी अडवायचं खरं काम ती हवा करते. हरणांच्या बऱ्याच जातींत आणि रेनडिअरमध्ये (उत्तरेकडच्या बर्फाळ प्रदेशातलं हरीण) तर हिवाळी केस आतूनसुद्धा पोकळ असतात म्हणजे केसातही हवाच. यलोस्टोनमध्ये १९३३ च्या फेब्रुवारीत उणे ५४ सेल्सिअसची नोंद झालेली आहे, आणि तिथले बायसन असले हिवाळे पिढ्यान्‌पिढ्या काढत आलेत.

बरं, पायांचं काय, ते तर उघडेच, वर लोकर नाही की काही नाही. तिथे वेगळी युक्ती आहे. पायात खाली जाणाऱ्या गरम रक्ताच्या नळ्या आणि वर येणाऱ्या गार रक्ताच्या नळ्या एकमेकींना चिकटून जातात, त्यामुळे खाली जाणारं रक्त आपली ऊब वाटेतच वर येणाऱ्या रक्ताला देऊन टाकतं. खुरापर्यंत पोचेपर्यंत ते गार झालेलं असतं आणि गार पायातून बाहेर जायला ऊब उरतेच कुठे. रेनडिअरच्या नाकातही हाच प्रकार, आत पातळ हाडांच्या गुंडाळ्या असतात, बाहेर पडणारा श्वास त्यांच्यावरून जाताना गार होतो, ऊब आणि ओल दोन्ही नाकातच राहतात. आणखी एक, रेनडिअरच्या पायात जसजसं खाली जाल तसतशी चरबी वेगळी होत जाते, खुराजवळची चरबी गारठ्यातही थिजत नाही.

या जनावरांना नको असते ती ओली थंडी. कोरडा भुरभुरीत बर्फ झटकला की गेला, पण पाऊस पडून केस आतपर्यंत भिजले आणि वर वारा सुटला की ती अडकलेली हवा गेली आणि कातडीपर्यंत गारठा. उणे ३० ची कोरडी रात्र परवडली, शून्याच्या आसपासचा भिजवणारा पाऊस नको, अशी गत असते, विशेषतः लहान पिल्लांची.

प्रश्न: तीन-तीन फूट बर्फाखाली गवत असतं तरी का? आणि असलं तरी त्यात कस तो काय राहणार, वाळका काडीकचराच ना? (पुण्याहून इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी)

असतं. उन्हाळ्यात वाढलेलं गवत जागेवर वाळतं आणि त्यावरच बर्फ पडतो. ते काढायची ज्याची त्याची तऱ्हा. बायसन डोकं वापरतो, अगदी शब्दशः, नाक बर्फात घालायचं आणि मान डावी-उजवीकडे झाडायची, चार-सहा झटक्यांत खड्डा तयार, मग खालचं पिवळं गवत ओरबाडायचं, आणि वर बघतो तेव्हा सगळं थोबाड पांढरंफेक आणि दाढीला बर्फाचे गोळे लोंबतायत. त्याच्या खांद्यावरचा तो उंचवटा बघितलाय ना, त्यात मणक्यांची उभी हाडं असतात, फूट-दीड फूट लांब, आणि त्यांना धरून मानेचे जाडजूड स्नायू. एवढी यंत्रणा आहे म्हणून ते जड डोकं दिवसभर बर्फात झाडता येतं.

एल्क (सांबरासारखं मोठं हरीण), घोडे, रेनडिअर हे खुरांनी उकरतात. रेनडिअरचा खड्डा म्हणजे कष्टाची कमाई, आणि कमाई आली की लुटारू आलेच. एकीनं उकरायचं आणि दुसऱ्यानं येऊन ढुशी मारून हाकलायचं, हे सारखं चालू. इथे एक झकास गोष्ट आहे. हरणांच्या कुळात मादीलाही शिंगं येणारी रेनडिअर ही एकच जात, आणि मोठ्या नरांची शिंगं माजाचा हंगाम संपला की गळून पडतात, माद्यांची मात्र हिवाळाभर डोक्यावर राहतात. म्हणजे ऐन उपासमारीच्या दिवसांत गाभण मादीकडे शिंगं आणि तिच्या दुप्पट नराकडे काही नाही. खड्डा कोणाचा हे मग ठरलेलंच. मला तरी निसर्गातली ही व्यवस्था फार आवडते.

काही शहाणी जनावरं उकरायच्या भानगडीतच पडत नाहीत. वाऱ्यानं बर्फ उडवून नेलेला डोंगरमाथा गाठायचा, किंवा दक्षिणेकडचा उतार, जिथे ऊन लागून बर्फ लवकर वितळतो, किंवा कडाच असा धरायचा की बर्फ टिकतच नाही, आपल्या हिमालयातला आयबेक्स (लांब वळलेल्या शिंगांची रानबकरी) हेच करतो.

आता कसाचं. तुझं बरोबर आहे, त्या गवतात प्रोटीन जवळजवळ नसतंच. पण रवंथ करणाऱ्यांच्या पोटात जे जंतू असतात ते त्या काडीकचऱ्यातूनही काहीतरी काढतात. शिवाय हिवाळ्यात शरीर युरिया लघवीवाटे फेकून द्यायच्या ऐवजी बराचसा लाळेतून आणि रक्तातून परत पोटात पाठवतं, पोटातले जंतू त्यापासून प्रोटीन बनवतात आणि शेवटी ते जंतूही पचवले जातात. काटकसर म्हणजे किती ती. तरीसुद्धा खर्च भागत नाहीच, एवढं लक्षात ठेव. उत्तम चरूनही हिवाळ्यात वजन उतरतच जातं, फरक पडतो तो किती हळू उतरतं याचा. खरा हिवाळा काढला जातो तो ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अंगावर चढवलेल्या चरबीवर.

प्रश्न: सगळं गोठलेलं असताना पाणी कुठून पितात? (लातूर)

बर्फ खातात. गवताबरोबर तोंडात जातो तो आणि वेगळा चाटून खातात तोही. पण बर्फाचं पाणी करायला अंगातली ऊब जाते, म्हणून वाहतं पाणी जवळ असेल तर तेच बरं. गंमत म्हणजे काही ठिकाणी बर्फ न पडणं हेच संकट होतं. मंगोलियात जनावरं मारणाऱ्या हिवाळ्याला 'झूड' म्हणतात आणि त्याचे प्रकार आहेत, त्यातला 'काळा झूड' म्हणजे थंडी कडाक्याची, नद्या-विहिरी गोठलेल्या, पण बर्फच नाही, मग प्यायचं काय? लातूरकरांना यातलं दुःख वेगळं समजावून सांगायला नको.

प्रश्न: अस्वलं झोपून हिवाळा काढतात, मग हरणं-घोडे का झोपत नाहीत? (ठाण्याहून एक शिक्षिका, सातवीच्या वर्गातर्फे)

झोपले तर लांडगे आहेतच, हे उत्तर तुमच्या वर्गातल्या कोणीतरी दिलंच असेल आणि ते काही अगदीच चूक नाही. पण दुसरं कारण पोटात आहे. रवंथ करणाऱ्याचं पोट सारखं चालू ठेवावं लागतं, आतल्या जंतूंना अधूनमधून चारा पोचला पाहिजे, महिनोन्‌महिने ते बंद ठेवून चालत नाही.

पण मुलांना हेही सांगा की ही जनावरं झोपत नसली तरी मंद होतात. व्हिएन्नातले प्राणिशास्त्रज्ञ वॉल्टर आरनॉल्ड आणि त्यांच्या टीमनं तांबड्या हरणांच्या अंगात छोटी यंत्रं बसवून बघितलं तर हिवाळ्यात हृदयाचे ठोके उन्हाळ्यापेक्षा कितीतरी कमी झालेले, आणि कडाक्याच्या रात्री हातापायांचं आणि कातडीखालचं टेंपरेचर चांगलं खाली गेलेलं. म्हणजे सगळं घर गरम ठेवायचं सोडून एका आतल्या खोलीतच हीटर लावायचा, तसं काहीसं. सकाळी ऊन आलं की ती उन्हाला आडवी उभी राहून अंग शेकतात. मंगोलियाच्या रानटी घोड्यांवरही त्यांनी हाच अभ्यास केला, त्यांच्यातही हिवाळ्यात इंजिन मंदच.

भूकसुद्धा कमी होते बरं का. बंदिस्त ठेवलेल्या हरणांपुढे हिवाळ्यात भरपूर चारा टाकला तरी ती उन्हाळ्याइतकं खात नाहीत, दिवस लहान झाले की शरीर आपोआपच आखडतं घेतं. गाभण माद्यांचं पिल्लूही पोटात आधी सावकाश वाढतं आणि मोठी वाढ शेवटच्या दोन-तीन महिन्यांत, म्हणजे हिरवं गवत यायच्या सुमाराला, मे-जूनमध्ये जन्म. सगळ्यात वाईट हाल होतात ते माजावर आलेल्या नरांचे. सप्टेंबरपासून ओरडायचं, भांडायचं, माद्यांमागे पळायचं, खायला वेळ नाही, आणि मग अंगावरची चरबी उडवून डिसेंबरात उभे राहायचं. कठीण हिवाळ्यात पहिला नंबर पिल्लांचा लागतो आणि त्यांच्यामागून या पैलवानांचा.

प्रश्न: यलोस्टोनमध्ये गरम पाण्याचे झरे आहेत ना, मग सगळी जनावरं तिथेच जाऊन का बसत नाहीत? (रत्नागिरी)

जातात की! फायरहोल आणि मॅडिसन नद्यांच्या काठाला जमीनच गरम असते, बर्फ कमी टिकतो, उकरायची मेहनत वाचते, आणि वाफेत उभे असलेले बायसन तुम्ही व्हिडिओत बघितलेच असतील. पण या सुखाचे पैसे मोजावे लागतात आणि ते दातांनी. तिथल्या पाण्यात आणि गवतात फ्लोराइड जास्त, सिलिका जास्त, आणि वर्षानुवर्षं तिथेच हिवाळा काढणाऱ्या एल्कचे दात लवकर झिजतात. आणि दात गेले की चरणाऱ्या जनावराचं सगळंच गेलं, चावता येत नाही, कितीही गवत पुढे असलं तरी पोटात उपास. तिथले एल्क म्हणूनच बाहेरच्या एल्कपेक्षा लवकर म्हातारे होतात. उन्हवऱ्याच्या कुंडात बसून आलेल्यांनी मात्र घाबरू नका, आपण तिथे गवत खात नाही.

प्रश्न: इतिहासात असे हिवाळे झालेत का की कळपच्या कळप गेले? आणि आता हिवाळे सौम्य होतायत म्हणतात, मग या जनावरांचं भलंच होणार ना? (नागपूरहून निवृत्त वनकर्मचारी)

साहेब, प्रश्न फार चांगला विचारलात, जरा सविस्तरच लिहिते.

कळप मारतो तो बहुतेक वेळा बर्फाचा कडक पापुद्रा, नुसती थंडी कमीच. मऊ बर्फ कितीही असला तरी बाजूला सारता येतो. पण हिवाळ्यात मध्येच ऊबदार दिवस आला, वरचा बर्फ वितळला किंवा पाऊस पडला आणि रात्री पुन्हा पारा खाली गेला की वर काचेसारखा थर बसतो. खाली गवत आहे, वासही येतोय, पण खूर घसरतं, नाक रक्ताळतं, थर फुटत नाही. मंगोलियात यालाच 'लोखंडी झूड' म्हणतात.

कॅनडाच्या उत्तरेला बँक्स आयलंड आहे, तिथे मस्क ऑक्स राहतात, जमिनीपर्यंत लोंबणाऱ्या केसांचे, थंडीसाठीच घडवलेले म्हणावेत असे. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे बर्फावर पाऊस पडला आणि मग सगळं गोठलं, त्या हिवाळ्यात साधारण २० हजार मस्क ऑक्स गेले. ज्यांना थंडी मारू शकत नव्हती त्यांना पावसानं मारलं. म्हणून सौम्य हिवाळ्याचं तुमचं जे म्हणणं आहे त्यावर माझं उत्तर 'नाही' असंच आहे, निदान उत्तरेकडच्यांसाठी तरी. हिवाळा ऊबदार झाला म्हणजे बर्फाच्या जागी पाऊस पडायचे दिवस वाढले. रशियाच्या यमाल भागात २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये असाच पाऊस झाला आणि नेनेत्स लोकांनी पाळलेले ६१ हजार रेनडिअर उपाशी मेले. नॉर्वेच्या ताब्यातल्या स्वालबार्ड बेटांवर तर असल्या हिवाळ्यांत जंगली रेनडिअर समुद्रकाठी उतरून शेवाळ खाताना बघितलेत.

आता दुसरी गोष्ट, आणि मला विचाराल तर या सगळ्या विषयातली सगळ्यात शिकण्यासारखी. मंगोलियाच्या नैऋत्येला ग्रेट गोबी 'बी' नावाचा संरक्षित प्रदेश आहे. तिथे दोन जंगली प्राणी राहतात. एक ताखी, म्हणजे प्रझेवाल्स्कीचा रानटी घोडा. हा १९६९ नंतर जंगलात कुणाला दिसलाच नव्हता, फक्त प्राणिसंग्रहालयात उरलेला, तिथून वाढवून १९९२ पासून परत आणला. दुसरा खुलान, म्हणजे रानगाढव, आपल्या कच्छच्या रणातल्या घुडखराचा भाऊबंद. २००९-१० चा झूड आला तेव्हा त्या भागात ताखी होते १३७, हिवाळा संपला तेव्हा उरले ४८. अठरा वर्षांची मेहनत एका हिवाळ्यात गेली. आणि खुलान? त्यांचं तुलनेनं फारसं बिघडलं नाही. दोघंही घोड्याच्याच कुळातले, दोघांनाही तेच गवत आणि तोच बर्फ, मग फरक कशानं पडला तर चालण्यानं. ताखी आपल्या ठरलेल्या छोट्या भागातच राहतात, बर्फ वाढला तरी ते तिथेच उकरत राहिले. खुलान फिरस्ता, त्याचा पसाराच हजारो चौरस किलोमीटरचा, इथे बर्फ झाला की तो उठला आणि जिथे कमी आहे तिकडे सरकला. त्याच झूडमध्ये मंगोलियाभरात ८० लाखांहून जास्त पाळीव जनावरं मेली, कितीतरी धनगर कुटुंबं गुरं संपली म्हणून उलानबातरला जाऊन झोपडपट्टीला लागली.

म्हणजे वाट मोकळी पाहिजे. नेमकी तीच आपण अडवतो. यलोस्टोनचंच घ्या. १९९६-९७ च्या हिवाळ्यात तिथे बर्फावर पाऊस पडून असाच कडक थर बसला. साधारण साडेतीन हजार बायसन होते, ते हजारो वर्षं जे करत आले तेच त्यांनी केलं, खालच्या मोकळ्या खोऱ्यांकडे निघाले. पण खालची खोरी आता माँटाना राज्यातल्या गुराख्यांची होती आणि बायसनमध्ये ब्रुसेलोसिस आहे, आपल्याकडे गुरांचे डॉक्टर ज्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात तोच रोग. तो गुरांना लागेल म्हणून पार्कची हद्द ओलांडणारे हजारावर बायसन गोळ्या घालून किंवा कत्तलखान्यात पाठवून मारले, आत उपासमारीनं गेले ते वेगळेच. ज्या कळपाची जंगली संख्या १९०२ मध्ये दोन डझनांवर आली होती आणि तिथून वाढवत आणला होता त्या कळपाचे हे हाल.

वायोमिंगमध्ये प्राँगहॉर्न म्हणून काळविटाएवढा प्राणी आहे, धावण्यात त्याचा हात धरणारं अमेरिकेत कोणी नाही, पण गंमत अशी की त्याला कुंपणावरून उडी मारायचं सुचत नाही, तो तारेखालून सरपटून जातो. बर्फ तारेपर्यंत आला की खालची फट बंद, आणि कळप कुंपणाला चिकटून उभा राहतो तो तिथेच. यावर उपाय काही रॉकेट सायन्स नाही, खालची तार काटेरीच्या ऐवजी साधी लावायची आणि जमिनीपासून हातभर वर घ्यायची. पाइनडेल गावाजवळ २०१२ मध्ये हायवेवर त्यांच्यासाठी पूलही बांधले, आणि ते वापरतात. समृद्धी महामार्गावर वन्यप्राण्यांसाठी पूल बांधलेत म्हणून आपल्याकडे हसणारे बरेच भेटतात, त्यांना हे दाखवा.

प्रश्न: बर्फात लांडगे-बिबटे कशी शिकार करतात, त्यांनाही त्रास होत असेलच की? (सांगली)

कमी होतो. लांडग्याचा पंजा पसरट आणि वजन बेताचं, कडक थरावरून तो धावत जातो आणि त्याच थरात एल्कचं टोकदार खूर खचाखच रुततं. मार्चमध्ये चरबी संपलेला एल्क आणि वर कडक झालेला बर्फ, हे म्हणजे लांडग्यांची दिवाळी. म्हणूनच कळप एकामागोमाग एक, एकाच पाऊलवाटेनं चालतात, पुढच्यानं वाट फोडायची आणि बाकीच्यांनी त्यात पाय टाकायचे. छातीपर्यंतच्या बर्फातून चालायला साध्या जमिनीच्या कित्येक पट ताकद लागते.

प्रश्न: आम्ही डेन्व्हरजवळ राहतो. मागच्या अंगणात रोज हरणं येतात, जानेवारीत फारच खंगलेली दिसतात. मुलं मका आणि सफरचंद टाकायचा हट्ट करतात. टाकावं का? आपल्याकडे तर मुक्या जनावराला घास देणं पुण्याचंच मानतात. (कोलोरॅडोहून एक वाचक)

टाकू नका. पहिलं म्हणजे कोलोरॅडोत हरणांना खाऊ घालणं बेकायदा आहे, दंड होतो. पण कायदा बाजूला ठेवा.

ज्यांच्या घरी गोठा होता त्यांना विचारा, गाईनं रात्री दावं सोडवून ज्वारीच्या पोत्यात तोंड घातलं तर काय होतं. सकाळपर्यंत पोट फुगून आडवी. हरणाचंही तसंच. हिवाळ्यात त्याच्या पोटातले जंतू काड्या आणि डहाळ्या पचवणारे झालेले असतात, त्यात एकदम मका पडला की पोटात अ‍ॅसिड तयार होतं आणि पोट भरलेलं हरीण मरतं. चारा बदलायचा तर दोन-तीन आठवडे हळूहळू बदलावा लागतो, अंगणात कोण एवढं करणार. दुसरं, एका जागी गर्दी जमली की रोग पसरतो, तुमच्याकडे हरणांमध्ये मेंदू पोखरणारा सीडब्ल्यूडी नावाचा रोग आहेच, त्यावर औषध नाही. आणि हरणांमागून प्यूमाही (तिकडची बिबट्यासारखी मोठी रानमांजर) अंगणात येतो.

सरकारनं मोठ्या प्रमाणावर चारा घातला तर? वायोमिंगमध्ये जॅक्सनला १९१२ पासून एल्कसाठी राखीव कुरण आहे, तिथे हिवाळ्यात हजारो एल्कना चारा घालतात, कारण त्यांची जुनी हिवाळी खोरी गावांनी आणि रँचेसनी खाल्ली. सुरू करायला सोपं होतं, बंद करायला शंभर वर्षांत जमलेलं नाही. उलट टोक बघायचं तर नेदरलँड्समधलं ओस्टवार्डर्सप्लासेन. समुद्र हटवून काढलेली जमीन, त्यावर घोडे, गुरं आणि तांबडी हरणं सोडली आणि ठरवलं की माणसानं मध्ये पडायचं नाही. पण चारी बाजूंनी कुंपण! २०१७-१८ च्या हिवाळ्यात तीन हजारांहून जास्त जनावरं गेली, त्यातली बहुतेक उपाशी तडफडू नयेत म्हणून गोळ्या घालून मारलेली, आणि लोक रात्री येऊन कुंपणावरून गवताच्या पेंढ्या फेकत होते. पुढे जनावरांची संख्या मर्यादित ठेवायचं ठरलं. मला त्या पेंढ्या फेकणाऱ्यांचा राग येत नाही, पण कुंपण घालून त्याला निसर्ग म्हणणाऱ्यांचा येतो.

मुलांना पुण्यच कमवायचं असेल तर कुत्रा अंगणात मोकळा सोडू नका आणि हरणं बसलेली असतील तर त्यांना उठवू नका. बसून रवंथ करणारं हरीण सगळ्यात कमी खर्च करत असतं. आणि जानेवारीत ती खंगलेलीच दिसणार, ते आजारपण नाही.

प्रश्न: येत्या फेब्रुवारीत आम्ही नवरा-बायको हिमबिबट्या बघायला स्पितीत चाललोय. तिथे चरणारे कोणते प्राणी दिसतील, आणि फोटो काढताना काय काळजी घ्यावी? (कोल्हापूर)

हिमबिबट्या दिसेल न दिसेल, भरल आणि आयबेक्स नक्की दिसतील, आणि मी म्हणेन की त्यांच्यासाठीच जा. किब्बर गाव ४,२०० मीटरच्या आसपास, रात्री पारा उणे २५ पर्यंत उतरतो. भरल म्हणजे निळसर करड्या रंगाचं रानमेंढरू, दगडात बसलं की दिसतच नाही, हललं की कळतं की अरे इथे तर वीस आहेत. तोवर त्यांचा माज संपलेला असतो, त्यामुळे फेब्रुवारीत नर जरा उतरलेलेच दिसतील.

तिथली खरी अडचण बर्फापेक्षा चाऱ्याची आहे. स्पितीत मुळात गवत विरळ, त्यावर याक, घोडे, शेळ्या-मेंढ्याही चरतात, आणि हिवाळ्याला जे वाळकं गवत उरायला हवं ते आधीच संपलेलं असतं. वन्यजीव अभ्यासक चारुदत्त मिश्रा यांनी तिथे भरलांवर बरंच काम केलंय, गुरं जास्त चरतात तिथे भरल कमी आणि माद्यांमागे पिल्लंही कमी, असं त्यात दिसलं. मग किब्बरच्या लोकांशी बोलून, मोबदला देऊन, गावाच्या कुरणाचा एक तुकडा गुरांसाठी बंद केला, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. तिथले भरल वाढले. आणि भरल असले तर हिमबिबट्या येणारच.

फोटोचं सांगते. भरल चरायचं थांबून मान वर करून तुमच्याकडे बघायला लागलं की तुम्ही जास्त जवळ आलात, तिथेच थांबा किंवा मागे या. कळप पळवून उडतानाचा फोटो काढणारे आणि ड्रोन घेऊन येणारे महाभाग तिथेही पोचलेत, त्यांच्यात सामील होऊ नका, फेब्रुवारीत चढावर मारलेली एक धाव त्या जनावराला महागात पडते. मोठी लेन्स नसेल तर एक बरी दुर्बीण घ्या, फोटोपेक्षा जास्त दिसतं. आणि होमस्टे बुक करताना पाण्याचं आधी विचारून घ्या, नळ गोठलेले असतात, बादलीत मिळेल तेवढ्यावर भागवायचं, आंघोळीची आशा सोडूनच निघा.